तिच्याबद्दल बोलशील तेव्हा

बाळा,

तुझा मेसेज वाचला. शाळेत तुझ्या त्या गेलेल्या विद्यार्थिनीसाठी शोकसभा ठेवलीय आणि बोलायला तुला सांगितलंय, बरोबरच आहे, शाळा सुटल्यावर घरी जाऊन तिला शिकवलंस तूच. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तिच्या आईला विचारलेलं नाही, पण तू तिथं नाव घेऊनच बोल. माणूस गेलं की लोक नाव घ्यायचंच टाळतात आणि आईला तेवढंच ऐकायचं असतं.

एक मात्र ऐक. "कॅन्सरशी झुंज अपयशी ठरली" असं काही लिहिलं असशील तर खोड. वॉर्डात एवढी वर्षं नोकरी केली, मला त्या वाक्याचा राग येतो. आजार उलटला तो पेशींमुळं, काही पेशी औषधाला दादच देत नाहीत, तिची हिंमत कमी पडली म्हणून नाही.

शूर होती हे सांगच, पण कशी ते सांग. पाठीतलं इंजेक्शन द्यायचं म्हणजे कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला आणि अजिबात हलायचं नाही. ती आधी डॉक्टरांना बजावायची, "फसवायचं नाही, सुई टोचायच्या आधी सांगायचं", मग स्वतःच मुटकुळं करून पडायची आणि हुंदके देऊन रडायची, पण पाठ हलू द्यायची नाही. कधी रडलीच नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

रुसायची पण. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवेळी रक्तातल्या पेशींचे काउंट खाली आलेले, गर्दीत न्यायची सोय नव्हती, मास्क लावून गच्चीवरनं मिरवणुकीतले सातही नंदीध्वज बघितले आणि मोठ्या पाळण्यात बसायला नेलं नाही म्हणून आईशी बोलणं बंद. स्टिरॉइड चालू असताना मध्यरात्री भूक लागायची, भाकरी आणि शेंगाचटणी पाहिजे, बाहेरचं चालत नाही म्हणून आई घरीच शेंगा भाजून कुटायची, तरी तिखट कमी पडलं म्हणून भांडण! हे सगळं सांग. समोर बसलेल्या एखाद्या पोराच्या घरी हाच आजार असेल, आपण रडलो म्हणजे हरलो असं त्याला वाटता कामा नये.

थोडी माहितीही दे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांत सगळ्यात जास्त हाच आढळतो, शेजारी बसून डबा खाल्ल्यानं लागत नाही, आणि पुष्कळ मुलं बरी होऊन परत शाळेत येतात. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आपल्याकडं कळतंच उशिरा, मग अडीच-तीन वर्षांचे उपचार, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला टाटाला फेऱ्या, यंत्रमागावरच्या बापाचे खाडे पडतात आणि कुणाकुणाचे उपचार मधेच सुटतात. ताप हटत नाही, अंगावर उगीच निळे डाग, पोर पांढरंफटक पडलंय, हाडं दुखतायत, असं दिसलं तर डॉक्टरला दाखवून रक्त तपासा, एवढं पालकांना सांग.

तिचा धाकटा भाऊ पुढंच बसेल. त्याला जो तो म्हणतोय आईला सांभाळ, दुसरीतलं पोर ते! त्याला बाजूला घेऊन सांग की ताई आजारी पडली ती तू भांडलास म्हणून नाही, ही पोरं असलं काहीतरी मनात धरून बसतात, मी बघितलंय. आणि त्या घरची शिकवणी बंद करू नकोस, आता त्याला शिकव, गणित कच्चं आहे त्याचं.

सभा झाली की फोन कर, उशीर झाला तरी चालेल.

तुझी मावशी