पाचोरा-जामनेरची तिकिटं, पितळी कंदील आणि आखाजीनंतरचं लग्न

रामराम भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. 31 वर्षं एसटीत कंडक्टर, मागच्या महिन्यात 58 पूर्ण होऊन निवृत्ती, हाती 9 लाख आलेले, त्यातले 4 लाख आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) मुलीच्या लग्नाचे. आणि भुसावळला ओळखीच्या एका घरातून निघालेला रेल्वेचा जुना संग्रह: पुठ्ठ्याची 3,000 तिकिटं, दोन पितळी कंदील, टोकनचा एक गोळा (एकेरी रुळावर गाडी सोडताना ड्रायव्हरला परवाना म्हणून देत तो). ते 1,40,000 मागतात. तुम्ही म्हणता, ऑनलाइन विकून वर्षभरात 4 लाख होतील. वहिनी म्हणतात, रद्दीत पैसे घालू नका.

वहिनींचा शब्द चुकला, निर्णय मात्र बरोबर आहे.

ही रद्दी नाही, हे मी मनापासून सांगतो. एडमंडसन नावाच्या इंग्लंडमधल्या रेल्वे कारकुनाने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली ही पद्धत: छापील क्रमांकाचा जाड पुठ्ठा आणि खिडकीवर खट्‌कन बसणारा तारखेचा ठसा. आपल्याकडे संगणक येईपर्यंत तीच चालली. त्यात पीजेची, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीची, तिकिटं निघाली तर खानदेशी माणूस थांबून बघणारच. पाचोरा ते जामनेर 56 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, आणि 2020 च्या टाळेबंदीत थांबलेली गाडी. चालू गाडीच्या तिकिटाकडे कोण बघतो? थांबलेल्या गाडीचं जपून ठेवावंसं वाटतं. माझ्याही टेबलाच्या खणात एक आहे. अजून कुणी त्याचे पाच रुपये देऊ केले नाहीत, हा भाग वेगळा.

आता तुमचा आकडा. तिकिटामागे सरासरी 100 रुपये धरले तर 3,000 तिकिटांचे 3 लाख, बाकीचं कंदिलांचं. पण महिन्याला 30 तिकिटं गेली, तरी 3,000 संपायला 8 वर्षं 4 महिने लागतील. शिवाय चांगली 200 आधी उचलली जातात. मागे उरतात एकाच स्टेशनची, एकाच दराची, शेकड्याने सारखी. तुम्ही ऑनलाइन पाहिलेला 18,000 चा कंदील हा मागितलेला भाव आहे. तो गेला कितीला, गेला का, हे बघा. विक्री झालेले व्यवहार वेगळे दाखवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तिथे तासभर बसा. त्यातून पॅकिंग, स्पीड पोस्ट आणि पोर्टलचं कमिशन वजा करा.

जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घेऊन गेलात तर संध्याकाळी पैसे घेऊन घरी. तिकिटांना तसा बाजार नाही. तिथे एकेका गिऱ्हाइकाची वाट बघावी लागते. लग्नाची तारीख ठरलेल्या बापाला ते परवडत नाही. म्हणून 4 लाखांना हात लावू नका, ते लग्नाच्या आधी मुदत संपेल अशा एफडीत ठेवा.

उरले 5 लाख. सेवानिवृत्त माणसाला 55 पासूनच ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे टाकता येतात, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना गेला. 8.2 टक्के दराने 5 लाखांवर दर तिमाहीला 10,250 रुपये येतील. या व्याजातून छंद करा, मुद्दल तिथेच राहू द्या. हे काम उद्याच करा, तिकिटांचं नंतर बघू.

पितळाबद्दल मात्र मी कडक बोलणार. रेल्वेची मालमत्ता चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे ज्याच्या ताब्यात आहे त्याने सिद्ध करायचं, असा 1966 चा कायदा आहे; पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावाची किंवा भंगार विक्रीची पावती असेल तरच गोळा आणि कंदील घ्या. "आमच्या वडिलांनी आणले होते" ही पावती नव्हे. जुन्यासारखे दिसणारे नवे कंदीलही बाजारात भरपूर आहेत. आणि वस्तू 100 वर्षांपलीकडची, ऐतिहासिक मोलाची असेल, तर 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यामुळे ती खासगी माणसाला परदेशी गिऱ्हाइकाकडे पाठवता येत नाही.

तुम्ही स्वतः घरी डब्यात जपलेल्या एसटीच्या तिकिटांनाही हेच लागू. प्रवाशांनी टाकून दिलेली, पंच केलेली तिकिटं ठीक. कोरे गठ्ठे असतील तर ते डेपोच्या हिशेबाचे, विकायला काढू नका. तुम्हाला वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, भरायची सवय आहे, अधिक सांगत नाही.

जीएसटीचं थोडक्यात. घरातलं जुनं काढून विकणं वेगळं, विकत घेऊन विकणं हा व्यापार. पोर्टलवरून महाराष्ट्रातच विकलंत तर 40 लाखांच्या उलाढालीखाली 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीची सक्ती नाही. करपात्र माल राज्याबाहेर धाडायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. सुरुवात नाशिक-पुणे-मुंबईपुरती ठेवा.

तर मी काय करीन? आधी स्वतःच्या डब्यातली दुबार तिकिटं 50 काढून तीन महिने विकून बघीन. भुसावळवाल्यांना विचारीन, पीजेची आणि चाळीसगाव-धुळे फाट्याची तिकिटं तेवढी वेगळी देता का. 15,000 पर्यंत घेईन, वर एक रुपया नाही. "मुंबईचं गिऱ्हाईक पंधरा दिवसांत येतंय" म्हणत असतील तर येऊ द्यावं.

आणि घेतलीत तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका; कसर लागलेलं तिकीट कुणी घेत नाही.