इंग्लंडमध्ये २००१ सालची माझदा एमएक्स-५ घ्यावी का? ८८ हजार मैल चाललेली आहे, इंजिनाची भीती वाटते.

इंजिनाची भीती आधी मनातून काढा. दोन सीटांच्या, कापडी टपाच्या या गाडीचं इंजिन साधं आणि दणकट आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं असेल तर ८८ हजार मैल त्याला फार नाहीत. ही गाडी मरते ती पत्र्यामुळे. म्हणून बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी जमिनीवर अंथरायला काहीतरी न्या आणि गाडीखाली डोकं घाला.

मी लेस्टरला राहतो. माझ्याकडे नऊ वर्षांपासून १९९६ ची एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीची, दिवे वर उघडणारी. तुम्ही बघितलेली दुसऱ्या पिढीची (१९९८ ते २००५). दोन्हींची दुखणी बरीचशी सारखी, आणि सगळ्यांचं मूळ एकच: पाणी.

कापडी टपावर पडलेला पाऊस मागे वाहत येतो, सीटच्या मागे दोन्ही बाजूंना एकेका भोकातून नळीत उतरतो आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे गाडीखाली बाहेर पडतो. त्या भोकात पाला, माती, टपाचे धागे साचले की पाण्याची वाट बंद. मग ते एक तर आत गालिच्यावर येतं, नाही तर दाराखालच्या पोकळ उंबरठ्यात मुरतं. त्याला इथे सिल म्हणतात. सिल आतून कुजत जातो आणि बाहेरून रंगाला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो. त्यात हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात. कोकणात समुद्राकाठी लोखंडाचं काय होतं ते आठवा, तेच इथे खालून होतं.

मी घेतली त्याच वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरात गाडी झाडाखाली उभी असायची. एक दिवस डाव्या सीटमागचा गालिचा हाताला गार, ओला लागला. मला वाटलं टप गळतोय. गालिचा उचलून सीटबेल्टच्या खांबापाशी टॉर्च मारला तर भोक दिसेचना, नुसता काळा चिखल. पडद्याची स्प्रिंगची तार आत घालून हळूहळू फिरवली. कपभर चिखल निघाला आणि मग साचलेलं पाणी गळगळ आवाज करत खाली गेलं. तोवर उशीर झाला होता, पुढच्याच वर्षी त्या बाजूचा सिल कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला. तेव्हापासून पानगळ सुरू झाली की दर पंधरा दिवसांनी मी दोन्ही भोकांत तांब्याभर पाणी ओततो आणि खाली वाकून बघतो. धार लगेच पडली पाहिजे. तार मात्र जोरात खुपसू नका, खालची नळी निसटते.

मालक हो म्हणाला तर हीच परीक्षा गाडी घेण्याआधी करा. मागच्या चाकाच्या पुढचा सिल बोटांनी खालून चाचपा, बोटाच्या गाठीने वाजवा. चांगला पत्रा टणटण वाजतो, पुट्टी भरलेला बद्द वाजतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं तर चिकटायचं कुठे थांबतं तेही कळतं. सीटमागच्या गालिच्याखाली हात घाला. ओल असेल तर किंमत कितीही कमी असो, मी तरी पुढे बोलणार नाही.

दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा वाईट: पुढच्या चाकांच्या मधे लांबीने जाणारे चासीचे दांडे. तिथे पत्र्याचे दोनतीन थर आहेत, मधे पाणी अडकतं, आणि वर प्लॅस्टिकचं आवरण असल्याने दिसत नाही. एमओटी (इथली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी) करणारा आवरणं किंवा गालिचे काढत नाही, त्यामुळे नुकतीच पास झालेली गाडीही तिथे कुजलेली असू शकते. आवरण काढून बघायची तयारी असलेल्या गॅरेजमध्ये गाडी अर्धा तास लिफ्टवर चढवून घ्या. तेवढे पैसे वाचवू नका.

एमओटीचा जुना इतिहास गाडीच्या नंबरवरून सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो. प्रत्येक वर्षीचे मैल आणि शेरे वाचा. एका वर्षी कोरोजनचा, म्हणजे गंजाचा, शेरा आहे आणि पुढच्या वर्षी गायब, तर मधे काय झालं ते विचारा. वेल्डिंग केलं असेल तर बिल दाखवू दे, फोटो असतील तर फारच छान. नुसता काळा डांबरासारखा लेप मारून झाकलेलंही असू शकतं. सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बसवलेलं आहे तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजून कमकुवत झाला असेल तर गाडी एमओटीत नापास होते. सिलचा मागचा भाग नेमका तिथे येतो.

आता यांत्रिक गोष्टी. टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलायचा असतो. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, तो खर्च किमतीतून कमी करून मागा, आणि त्याच मजुरीत वॉटर पंपही नवा टाका. रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. ती काळ्याची हिरवट-तपकिरी झाली असेल तर तडकायच्या बेतात आहे, आधीच बदला. क्लचचं पेडल खाली जाऊन गिअर करकरला तर क्लच प्लेट गेली असं लगेच मानू नका, बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाजूचा क्लच ढकलणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर गळत असतो. तो स्वस्त आहे. थंडीत पहिली काही मिनिटं दुसरा गिअर अडखळत पडतो, ती या गिअरबॉक्सची सवय आहे. गाडी बरेच महिने उभी असेल तर मागचे ब्रेक जाम झालेले असतात, चाक हाताने फिरवून बघा.

बूटमधली (मागच्या डिकीतली) बॅटरी बघायची राहू नये. तिथे बंदिस्त प्रकारची किंवा वायू बाहेर सोडायची नळी असलेलीच बॅटरी लागते. कुणी स्वस्तातली साधी बसवली असेल तर अॅसिडच्या वाफेने बूटचा तळ गंजतो. बॅटरीखाली बोट फिरवा.

आणि ऑइल गळतंय म्हणून कुणी गिअरबॉक्स खाली उतरवायला सांगितला तर जरा थांबा. माझ्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजने मागचं ऑइल सील गेलंय असं सांगून मोठा आकडा काढला होता. पहिल्या पिढीत इंजिनाच्या मागच्या टोकाला वरती एक सेन्सर असतो. त्याची दोन-चार पौंडांची रबरी रिंग कडक झाली होती आणि ऑइल तिथून ओघळत खाली जात होतं. तुमच्या मॉडेलमध्ये तो सेन्सर तिथे नाही, पण टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गॅस्केट असंच फसवतं, आणि त्याचं ऑइल स्पार्क प्लगच्या खड्ड्यात साचून इंजिन मिसिंग करायला लागतं. प्लगच्या वायरी उपसून बघा, टोकं ऑइलने माखलेली असतील तर गॅस्केट आणि वायरी एकदमच बदला. हे काम घरच्या घरी एका दुपारी होतं.