वेळ बरोबर, जागा चुकली

प्रश्न : आम्ही तिघं मित्र, बंद कॉकपिटच्या (आत पाय घालून बसायच्या) सी कयाक आहेत. कर्लीच्या खाडीत मुद्दाम उलटून एकमेकांना परत बसवायचं दोन मिनिटांत जमतं. परवा दुपारी ओहोटीला देवबागच्या संगमावर, खाडी समुद्राला मिळते तिथे, लाटांत ट्राय केलं तर दोनदा होडी हातातून सुटली आणि एकाचं बोट (हाताचं हो) चेंगरलं. सराव वाढवायचा कसा?

उत्तर : दुपारी गेलात ते बरंच केलंत. सकाळी पाणी शांत दिसतं म्हणून सगळे तेव्हाच जातात, पण तेव्हा मतलई वारा जमिनीवरून बाहेर वाहतो, सुटलेली होडी सरळ खोल समुद्राकडे, आणि रिकामी कयाक वाऱ्यावर इतकी पळते की चांगला पोहणारासुद्धा मागे राहतो. दुपारी खारा वारा लाटा उठवतो पण माणूस, होडी, वल्हं सगळं किनाऱ्याकडेच ढकलतो. फक्त संगम नको! ओहोटीचं पाणी बाहेर, वारा आत, लाटा उभ्या होतात आणि धार तुम्हाला ओढून नेते. साधा वाळूचा किनारा बघा, खडक नकोत, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) लागलीये का ते आधी विचारा, आणि दिवस अष्टमीच्या आसपासचा घ्या, भांगाच्या भरतीला ओढ कमी असते.

आता होडी. पडलेल्याने आपली होडी सोडायचीच नाही, जोडीदाराने तिचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक पकडून ‘धरली’ असं ओरडेपर्यंत. खाडीत तुम्ही ती जोडीदाराच्या होडीवर आडवी ओढून पूर्ण रिकामी करत असाल, लाटांत त्या नादात दोघंही उलटता. एखादी लाट टोक उचलेल तेव्हा एकदा ओढा, निघेल तेवढं पाणी निघू दे, सुलटी करा, माणूस आत घ्या, उरलेलं नंतर पंपाने. जोडीदाराने बिचकत धरू नये, अख्खं अंग त्या होडीवर टाकावं, दोन्ही हात कॉकपिटच्या पलीकडे, जितकं रेलाल तितकं दोघं स्थिर. पाण्यातल्याने दोन होड्यांच्या मध्ये यायचं नाही, बाहेरच्या बाजूने चढायचं, बोटं वाचतात.

तिसऱ्याने मदतीला घुसू नये, मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं! त्याचं काम लांब थांबून किनारा किती जवळ आला ते बघणं आणि टो लाइन (होडी ओढून न्यायची दोरी) तयार ठेवणं. गुडघाभर लाटेत सलग पाच वेळा जमलं की कमरेएवढी लाट, आणि कोणी कुडकुडायला लागला की त्या दिवशीचं बंद. मोबाइल वॉटरप्रूफ पाकिटात अंगावरच, कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह करून.