शिक्षा भोगलेल्या खेळाडूचा हक्क कुठवर?

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या खेळाडूंना व्यावसायिक खेळात पुन्हा स्थान असावे का, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मी क्रीडाविषयक खटले चालवणारा वकील असल्यामुळे माझा कल कायद्याकडे आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केल्याबद्दल शिक्षा झालेला डच खेळाडू पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळला. अशा माणसाला मैदानात पाऊल ठेवू द्यावे, हे आपल्याला पटते का? (एक पालक, नाशिक)

आपण उल्लेख केलेला खेळाडू म्हणजे बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हान डे वेल्डे. २०१४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने इंग्लंडमध्ये हा गुन्हा केला आणि २०१६ मध्ये तेथील न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. पुढे त्याला नेदरलँड्समध्ये हलवण्यात आले, तिथल्या कायद्यानुसार शिक्षा कमी झाली आणि साधारण वर्षभर तुरुंगात काढून २०१७ मध्ये तो पुन्हा खेळू लागला. २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारलेल्या मैदानात त्याचे नाव पुकारले गेले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. डच ऑलिंपिक समितीने त्याची राहण्याची सोय क्रीडाग्रामाबाहेर केली होती आणि त्याला पत्रकारांपासूनही दूर ठेवले होते. ज्याला असे लपवून न्यावे लागते, त्याला देशाचा प्रतिनिधी म्हणून न्यायचेच कशाला, हा माझा साधा प्रश्न आहे.

मात्र त्याने कुठेच खेळू नये, असे मी म्हणणार नाही. खेळून पोट भरणे, देशाचा पोशाख घालून मिरवणे आणि लहान मुलांवर अधिकार गाजवण्याच्या जागी बसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या चर्चेत त्यांची सरमिसळ होते. शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसाला काम करू दिले नाही, तर तुरुंगाला 'सुधारगृह' म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. आपल्या येरवडा कारागृहाच्या संघाने २०२३ मध्ये कैद्यांच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपण सर्वांनी कौतुकच केले होते. मग तेच कैदी बाहेर येऊन पटावर बसले, तर नाक मुरडणे शोभत नाही. राष्ट्रीय संघातली निवड हा मात्र कुणाचाच हक्क नसतो, अगदी निष्कलंक आणि सर्वोत्तम खेळाडूचाही नाही. त्यामुळे ती नाकारणे म्हणजे एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा, हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही.

आजन्म बंदीबाबत मात्र सावध राहावे लागते. वेल्सचा फुटबॉलपटू चेड एव्हान्स २०१२ मध्ये बलात्काराच्या आरोपात दोषी ठरला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये तो सुटून आल्यावर शेफिल्ड युनायटेडने त्याला सरावाची मुभा दिली, तेव्हा ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल हिने, क्लबने त्याला पुन्हा करारबद्ध केल्यास प्रेक्षकसज्जाला दिलेले आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली. क्लबने माघार घेतली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. नेपाळचा लेगस्पिनर संदीप लामिछाने यालाही जानेवारी २०२४ मध्ये बलात्काराच्या खटल्यात आठ वर्षांची शिक्षा झाली आणि मे महिन्यात पाटण उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. अपिलाचा मार्ग संपेपर्यंत निलंबन पुरेसे असते, कारण ते मागे घेता येते. वाया गेलेला उमेदीचा काळ कुणी परत देत नाही.

प्रश्न : सुशील कुमार आमच्या तालमीतल्या पोरांचा देव होता. तो दोषी ठरला, तर त्याची पदके काढून घ्यावीत का? (कुस्तीप्रेमी, कोल्हापूर)

पदके काढून घेऊ नयेत. बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे रौप्य त्याने आखाड्यात नियमाने मिळवले आहे आणि मे २०२१ मध्ये छत्रसाल स्टेडियममध्ये जे घडले, त्याचा त्या कुस्त्यांशी संबंध नाही. सागर धनखड या तरुण पैलवानाच्या खुनाच्या या खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोषारोप निश्चित झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुशीलचा जामीन रद्द केला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे येथेही लक्षात ठेवावे लागेल.

आपल्या प्रश्नात दडलेला खरा पेच मात्र वेगळा आहे. कुस्ती किंवा कबड्डी खेळणाऱ्याची 'व्यावसायिक कारकीर्द' आपल्याकडे बहुतेक वेळा रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या हजेरीपटावर असते. रेल्वे कर्मचारी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर नियमाने तो निलंबित मानला जातो आणि सुशीललाही उत्तर रेल्वेने निलंबित केले. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मधील अपवादामुळे, वेगळी विभागीय चौकशी न करताही बडतर्फ करता येते. म्हणजे पैलवानाला हा नियम आहे आणि क्रिकेट मंडळाच्या करारावर खेळणाऱ्या क्रिकेटपटूला तसा नाही.

त्यात आपल्या न्यायालयांची गती. नवज्योतसिंग सिद्धूचे उदाहरण घ्या. पतियाळातील रस्त्यावरच्या मारहाणीत गुरनाम सिंग यांचा मृत्यू झाला तो डिसेंबर १९८८ मध्ये. खटला प्रलंबित असतानाच सिद्धूची भारताकडून खेळण्याची बहुतेक कारकीर्द पार पडली. १९९९ मध्ये तो सुटला, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त एक हजार रुपये दंड केला आणि अखेर मे २०२२ मध्ये फेरविचार याचिकेवर एक वर्षाची कैद झाली. तोवर तेहतीस वर्षांहून अधिक काळ उलटला होता. दोषी ठरलेल्यांना खेळू द्यावे का, यावर आपण हिरिरीने वाद घालतो, पण आपल्याकडे निकाल लागेपर्यंत खेळाडू निवृत्त होऊन समालोचन करू लागलेला असतो. म्हणून क्रीडा संघटनांनी नियम करायचाच असेल, तर तो गंभीर गुन्ह्यात दोषारोप निश्चित झाल्याच्या टप्प्यासाठी करावा : राष्ट्रीय निवड तात्पुरती थांबवावी, रोजगार शक्यतो चालू ठेवावा आणि निर्दोष सुटताच सारे पूर्ववत करावे.

प्रश्न : सामनानिश्चितीसाठी आजन्म बंदी होते, मग मारहाणीसाठी किंवा बलात्कारासाठी का नाही? (निवृत्त शिक्षक, पुणे)

कारण खेळाची नियमावली खेळाचे रक्षण करण्यासाठी लिहिली गेली, माणसांचे नव्हे. ऐकायला विचित्र वाटते, पण ठरवून टाकलेल्या नो-बॉलची शिक्षा क्रिकेटच्या संहितेत सापडते, घरात केलेल्या हिंसेची सापडत नाही. शिवाय दोन्ही यंत्रणा स्वतंत्र चालतात. क्रिकेटपटू श्रीशांतला आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगच्या खटल्यात २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषमुक्त केले, तरी क्रिकेट मंडळाची आजन्म बंदी कायम राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितल्यावर ती सात वर्षांवर आली.

मोहम्मद आमिर अठराव्या वर्षी लॉर्ड्सवर पैसे घेऊन नो-बॉल टाकताना सापडला, इंग्लंडमध्ये कैदेत राहिला आणि पाच वर्षांची बंदी भोगून २०१६ मध्ये परतला. २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित शर्माला शून्यावर पायचीत केले. नंतर कोहलीचा झेल स्लिपमध्ये सुटला आणि पुढच्याच चेंडूवर तो पॉइंटला झेल देऊन परतला. आपण हळहळलो ते हरल्यामुळे. आमिरने खेळू नये, असे तेव्हा फारसे कुणी म्हणाले नाही आणि मला ते योग्यच वाटते.

प्रश्न : आमच्या अकादमीत एक माजी राष्ट्रीय खेळाडू प्रशिक्षक म्हणून येऊ इच्छितो. विनयभंगाच्या गुन्ह्यात त्याने शिक्षा भोगली आहे. (अकादमीचालक, ठाणे)

घेऊ नका. हरियाणाच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने १९९० मध्ये एका चौदा वर्षांच्या खेळाडू मुलीचा विनयभंग केला आणि तो दोषी ठरायला २००९ साल उजाडले. अशा जागी बसलेल्या माणसाविरुद्ध मूल बोलत नाही, कारण संघातली निवड त्याच्याच हातात असते.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असताना मारामारीत सापडला आणि बाल न्याय मंडळाने त्याला दोषी ठरवले. आता तो कबड्डीच्या जोरावर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून पोलीस भरतीला बसणार आहे. त्याचे दार बंद झाले का? (एक आई, सांगली)

नाही, ताई. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार, मंडळाने ज्याला बालक म्हणूनच वागवले, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. प्रौढ म्हणून खटला चालवला गेला असेल, तर मात्र हे संरक्षण मिळेलच असे नाही, म्हणून आधी मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्यावी. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याविषयी विचारले असेल, तर खोटे 'नाही' लिहू नये, कारण अशा लपवाछपवीमुळेच नेमणूक रद्द होऊ शकते. आदेशाची प्रत जोडून कलम २४ चा स्पष्ट उल्लेख करावा आणि अर्ज दाखल करण्यापूर्वी एखाद्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे यासाठी मोफत मदत मागता येते.