लांबी वाढवून बघ

सातारा

पोरी,

रविवारी आलेख दाखवत तू म्हणालीस, "सर, स्पिन-कक्षा जोड घातली आणि अडकलेला इलेक्ट्रॉन मोकळा झाला." मग हळूच विचारलंस, "पण खरंच झाला का?" हे पत्र त्या दुसऱ्या वाक्यासाठी. तुझी ती जोड म्हणजे इलेक्ट्रॉन उडी मारताना त्याचा स्पिन, त्याचं अंगभूत चुंबकपण, वळवणारा परिणाम.

तुझी साखळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिच्यावरून उड्या मारतो ती जागांची रांग, २३३ जागांची, तीही एकच! लांबी वाढवून बघ. ३७७, ६१०, ९८७. आयपीआर म्हणजे इलेक्ट्रॉन किती थोड्या जागांत गोळा झालाय ते सांगणारा आकडा. मोकळ्या अवस्थेचा आयपीआर लांबीबरोबर घटत जातो, अडकलेल्या अवस्थेचा एका आकड्यावर थांबतो. एका लांबीवरून यातलं काहीच कळत नाही. साताऱ्यात मोठा संगणक नाही, हे कारण मला सांगू नकोस. ९८७ जागा, दोन स्पिन, म्हणजे १९७४ ओळींचं मॅट्रिक्स. तुझ्या लॅपटॉपला ते जड नाही.

आधी वही उघड. तुझ्या साखळीत प्रत्येक दुव्यावर स्पिन एकाच अक्षाभोवती वळतो. जागोजागी स्पिनचे अक्ष तेवढेच फिरवून घेतले की ते वळणं नाहीसं होतं, उरते फक्त वाढलेली उडी, म्हणजे शेजारच्या जागी जाण्याचा जोर. साधी उडी १, स्पिनसह ०.७५, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १.२५. तुझ्यासारख्या ऑब्री-आंद्रे साखळीत जागांची ऊर्जा लाटेसारखी खालीवर होते, पण लाटेची लय जागांशी जुळत नाही. त्या लाटेची उंची ज्याच्या पुढे गेली की इलेक्ट्रॉन अडकतो, तो उंबरठा उडीच्या दुप्पट असतो, म्हणून तो २ वरून २.५ वर जातो. २.२ उंचीला इलेक्ट्रॉन सुटला हे खरं, पण त्याला उडीच्या जोराने सोडवलं. आणि २.५१ ला तो तुला मोकळा दिसला, तिथे त्याची अडकण्याची लांबी सुमारे २५० जागा आहे. २३३ मध्ये ती मावणार कशी? लांबी वाढव.

आयपीआर काढण्याआधी दोन्ही स्पिनच्या घनतेची प्रत्येक जागी बेरीज करून घे. क्रेमर्सच्या जोडीतल्या, म्हणजे एकाच ऊर्जेच्या दोन, अवस्था संगणक हव्या तशा मिसळतो. वेगवेगळ्या घेतल्यास तर आकडे दर वेळी बदलतील, बेरीज बदलत नाही.

दोन मितींत स्पिन खरोखर खेळ बदलतो. हिकामी, लार्किन आणि नागाओका यांनी १९८० मध्ये ते दाखवलं. जागांची ऊर्जा विस्कळीत असेल तर स्पिनशिवाय मात्र तिथे इलेक्ट्रॉन शेवटी अडकतोच, असं अब्राहम्स, अँडरसन, लिचार्देलो आणि आपले रामकृष्णन १९७९ मध्येच सांगून गेले होते. ते वाचूनही मी ४० बाय ४० च्या जाळीवर, स्पिन न घालता, 'इलेक्ट्रॉन वाहतो' असं लिहिलं. आलेख देखणा होता. जाळी मोठी केली तेव्हा दोन वर्षं गेली होती, निबंध मागे घ्यावा लागला. त्यानंतर मी फार थोडं लिहिलं. लोक त्याला आळस म्हणतात. म्हणोत. चार लांब्यांवर न टिकलेली एक ओळही मी पुन्हा छापली नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

तुझे मार्गदर्शक घाई करतायत, कळतं मला. त्यांना आठ दिवस माग. पुढच्या रविवारी पोवई नाक्यावर उतरलीस की फोन कर, मी येतो. चारही लांब्यांचे आकडे एकाच कागदावर घेऊन ये.