लांब पल्ल्यात मागे पडणारी मुलगी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपली सतरा वर्षांची मुलगी रस्त्यावरील सायकल शर्यतींत लांब पल्ल्यात दमते, चढावर गटाच्या मागे पडते, पण अंतिम रेषा दिसू लागली की पुढच्या मुलींना मागे टाकते, असे आपण लिहिले आहे. प्रशिक्षकांनी ‘हिच्यात दम नाही’ असे सांगून टाकले. तिने मात्र पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांची ट्रॅक स्प्रिंट, म्हणजे ट्रॅकवरील सायकलींची कमी अंतराची शर्यत, पाहिल्यापासून तोच ध्यास घेतला आहे. हा मार्ग तिच्यासाठी खरोखर आहे का आणि त्यासाठी शाळेचे शेवटचे वर्ष सोडू द्यावे का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: शाळा सोडू देऊ नये. पहिल्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल.

प्रशिक्षकांचे निरीक्षण बरोबर असावे. निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. रस्त्यावरील शर्यत आणि ट्रॅकवरील स्प्रिंट यांत सायकल हा शब्द सोडला तर फारसे काही समान नाही. साधारण २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणांवर आतल्या बाजूला चाळीस अंशांहून अधिक उतार, आणि सायकलला ब्रेक नाही, बदलता येणारे गियर नाहीत; चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते. (मी एकदा हौसेने अशा सायकलवर बसलो आणि सवयीने पाय थांबवायला गेलो, तेव्हा पेडलने पाय असा उचलला की ती हौस तिथेच फिटली.) पात्रता फेरीत खेळाडू उताराच्या माथ्यापर्यंत चढत वेग घेते, तेथून खाली झेपावते, आणि केवळ शेवटच्या २०० मीटरची वेळ मोजली जाते. पॅरिसमध्ये जर्मनीच्या लेआ फ्रीडरिशने हे अंतर १०.०२९ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. म्हणजे ताशी जवळजवळ ७२ किलोमीटर. इतक्या अल्पकाळच्या कामगिरीत रस्त्यावर लागणाऱ्या दमाला फारसा वाव नसतो, तिथे मांड्यांतील स्फोटक ताकद मोजली जाते.

पण सुवर्णपदक फ्रीडरिशला मिळाले नाही. अंतिम फेरीत न्यूझीलंडच्या एलेस अँड्र्यूजने तिला सलग दोन लढतींत हरवले. पात्रतेनंतर शर्यत घड्याळाशी राहत नाही, समोरच्या एका व्यक्तीशी होते. दोघी सुरुवातीला चालण्याच्या वेगाने जातात, एक मान वळवून मागे पाहत असते, दुसरी उतारावर उंच राहून झेपावण्याची वाट पाहते. एकदा पुढची खेळाडू आतल्या लाल रेषेच्या खाली उतरून जोर लावू लागली की मागचीला तिच्या आतून जाता येत नाही. बाहेरून, अधिक अंतर कापूनच जावे लागते. हे डावपेच ट्रॅकवर वर्षानुवर्षे हरूनच अंगवळणी पडतात, आणि म्हणून सतराव्या वर्षी ‘उशीर झाला’ असे मी म्हणणार नाही.

उलट या खेळात उशिरा आलेल्यांची उदाहरणे ठळक आहेत. कॅनडाची केल्सी मिचेल विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळत असे. २०१७ साली एका गुणवत्ता शोध उपक्रमात तिच्या पायांची ताकद लक्षात आली, आणि टोकियोत २०२१ साली ती स्प्रिंटची ऑलिंपिक विजेती झाली. पॅरिसमध्ये ब्रिटनच्या टीम स्प्रिंटच्या (संघाने मिळून घड्याळाशी करायच्या स्प्रिंटच्या) सुवर्णविजेत्या संघात असलेली केटी मर्चंट पूर्वी हेप्टॅथलॉन, म्हणजे सात मैदानी प्रकारांची स्पर्धा, करत असे. खुद्द अँड्र्यूज आधी पर्स्युटसारख्या (ट्रॅकवरील पाठलागाच्या शर्यतीसारख्या) लांब प्रकारात चमकली आणि नंतर स्प्रिंटकडे वळली. यांपैकी कोणालाही शिक्षण आड आले असे दिसत नाही, आणि त्याचे एक कारण सरावाच्या स्वरूपातच आहे. स्प्रिंटर दिवसाकाठी पूर्ण जोर लावते तो काही मिनिटेच. दोन प्रयत्नांमध्ये भरपूर विश्रांती, आणि बाकीचा सराव व्यायामशाळेत वजनांसह. त्यामुळे शाळा सोडून मोकळा होणारा वेळ ती सरावात घालवू शकणारच नाही.

उपजीविकेबद्दल आपण थेट विचारले नाही, पण पत्राच्या ओळींमागे ती चिंता दिसते आणि ती रास्त आहे. जपानमध्ये २०१२ पासून महिलांच्या व्यावसायिक केरिन शर्यती (वेग ठरवून देणाऱ्याच्या मागून सुरू होणाऱ्या, अनेक खेळाडूंच्या स्प्रिंट) पुन्हा होत आहेत आणि तेथे खेळाडू त्यावर पोट भरतात. इतरत्र बहुतेकींचा आधार राष्ट्रीय संघाचे अनुदान किंवा नोकरी हाच असतो. जर्मनीची क्रिस्टिना फोगेल दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवूनही संघराज्य पोलिसांत नोकरीला होती. ऑलिंपिकमध्ये टीम स्प्रिंटला फक्त आठ देशांचे संघ पात्र ठरतात आणि त्या देशांना वैयक्तिक स्प्रिंट व केरिनच्याही जागा मिळतात. म्हणून मुलीच्या गुणवत्तेइतकाच प्रश्न असा, की तिच्याबरोबर आणखी दोन वेगवान मुली देशात आहेत का. पॅरिसपासून महिलांचा संघही तिघींचा झाला आहे.

धोका मी लपवणार नाही. त्याच फोगेलला २०१८ साली सरावात दुसऱ्या सायकलपटूशी झालेल्या धडकेनंतर कायमचे अपंगत्व आले. ऑस्ट्रेलियाच्या ॲना मिअर्सचा जानेवारी २००८ मध्ये मानेचा मणका मोडला. त्याच वर्षी बीजिंगमध्ये तिने रौप्य मिळवले, हे खरे असले तरी ते मोडलेल्या मानेचे समर्थन नव्हे. ट्रॅकवरची शिस्त शिकवणारा जाणता प्रशिक्षक मिळेपर्यंत तिला उतारावर एकटीने जाऊ देऊ नका.

आता करायचे ते असे. मतांऐवजी आकडे मागा. क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत स्थिर सायकलवर तिची काही सेकंदांची कमाल शक्ती मोजून घ्या. अव्वल महिला स्प्रिंटर हजार वॉटच्या वर जातात, पण तिच्या वयात केवळ आजचा आकडा पाहू नये, सहा महिन्यांच्या पद्धतशीर वजन प्रशिक्षणानंतर तो किती हलला ते पाहावे. जवळ वेलोड्रोम (सायकल ट्रॅकचे क्रीडागृह) नसेल तर शाळेच्या सुट्ट्यांत आठ-दहा दिवसांचे ट्रॅक शिबिर गाठावे, आणि तेथे उडत्या, म्हणजे पात्रता फेरीसारख्या आधी वेग घेऊन कापलेल्या, २०० मीटरची वेळ घ्यावी. शाळा संपेपर्यंत एवढेच. दोन्ही आकडे आणि तिच्या हातचे चार ओळींचे पत्र मला पाठवा. या वेळी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत वाचायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक