बेसिनखालचा कनेक्शन पाइप बदलताना

भाऊ, आधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ सोडून लाइन रिकामी होऊ द्या. सिडकोतल्या जुन्या घरांत जीआय लाइन (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप) असेल, तर अँगल कॉक, म्हणजे कनेक्शन पाइप जोडलेला भिंतीवरचा छोटा व्हॉल्व्ह, जपून फिरवा. गंजलेला आटा भिंतीतच तुटला तर टाइल फोडावी लागते.

टेफ्लॉन टेप फक्त अँगल कॉकच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यावर, घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळा. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेप नकोच. नट हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर कापला जातो. पाइपला पीळ किंवा घडी नको. पाणी सोडल्यावर सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा. बारीक गळती लगेच कळते.